उलटा सहा

पप्पा, परवा सकाळी तुमचा शर्ट मागायला माणूस आला होता. शेजारच्या अंकलचा मुलगा. आता तो आपल्या गावच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी आहे. हातात दोन पपया होत्या. त्या घरातून कुणी काही घेऊन आलं की मी आधी हात बघते आणि मग तोंड. बँकेत बत्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून बघितल्या, संशय घेण्याचाच पगार खाल्ला. नोकरी संपली तरी खोड काही गेली नाही. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, वाडीतल्या केळींची चौकशी केली आणि मग म्हणाला, "बाय, क्लबने आमच्या बाबांचा नऊ नंबर रिटायर करायचा ठरवलाय." मी म्हटलं, "आता नंबरालाही पेन्शन देणार काय?" तो हसला. म्हणाला, मोठ्या क्लबांत असंच करतात. यापुढे नऊ नंबर कुणी घालायचा नाही, अंकलच्या नावाने शर्ट काचेत बसवून क्लबच्या भिंतीवर लावायचा, येत्या रविवारी देवळात फादरांची मिसा झाल्यावर. पण त्यांच्या घरात शर्टच उरला नाही, पुराच्या पाण्यात कपाट गेलं. तुमचा मात्र तुम्ही गेल्यावर आईने जपून ठेवलाय हे सगळ्या गावाला ठाऊक. "अरे, पण पप्पांचा सहा नंबर होता," मी म्हटलं. त्यावर तो अगदी सहज बोलला, "काय हाय बाय, सहा उलटा लावला का झाला नऊ. कोण बघतंय?"

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. याला कुणी सांगितलं? गंमत म्हणून बोलला, की मला काय माहीत आहे ते चाचपून बघायला आला होता? मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, तर तो विहिरीकडे बघत होता. शर्ट शोधून ठेवते, म्हणाले आणि त्याला लावून दिलं. पपया अजून तशाच आहेत. कापायचं मन होत नाही.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी आठ वर्षांची. आईचं मशीन स्वयंपाकघरात खिडकीपाशी आहे, चुलीवर बांगड्यांचं कालवण उकळतंय आणि दुसऱ्या दिवशी फायनल आहे. क्लबचे अकरा शर्ट खाटेवर पडलेत. आई जुन्या पांढऱ्या चादरीवर साबणाच्या चिपेने आकडे काढते, कात्रीने कापते, आणि मी ते शर्टाच्या पाठीवर ठेवून धावदोरा घालते. मग आई त्यावरून मशीन मारते. "सरळ घाल गो, वाकडा गेला तर गाव मला हसंल," असं ती दर शर्टाला म्हणते. तुम्ही हाफ बॅक, तुमचा सहा. अंकल पुढे खेळायचे, त्यांचा नऊ. मध्येच कालवण उतू जातं, आई उठते, हात पुसत परत बसते, आणि त्या गडबडीत तुमच्या शर्टावर सहा उलटा टाचला गेला. आईने तो न बघता तसाच शिवला. तुम्हीही देवळामागच्या मैदानावर घाईघाईत अंगात घातलात. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

गोलपोस्टच्या मागे आम्ही पोरं बसलो होतो. खेळ संपत आला होता, कॉर्नर मिळाला, सगळे एका जागी गोळा झाले आणि त्या गर्दीतून एक डोकं वर आलं. ते डोकं तुमचं होतं, पप्पा. मी ते रोज तेल लावताना बघत होते. अंकल तर तेव्हा खाली पडले होते. पण लाउडस्पीकरवाला लांब ताडपत्रीखाली बसलेला, त्याला दिसली ती फक्त पाठ. तो ओरडला, "गोल! नऊ नंबर!" आणि कागद बघून त्याने अंकलचं नाव वाचलं. झालं. लोक धावले आणि त्यांनी अंकलना खांद्यावर घेतलं. वरून अंकल तुमच्याकडे बघत होते. तुम्ही टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांवर मी पुढे कित्येक वर्षं विचार केला आणि दर वेळी मला त्यात काहीतरी लपवलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना आईला तो नऊ दिसला. ती मोरीतूनच तुम्हाला हाका मारायला लागली. तुम्ही म्हणालात, "ओरडू नको. दोन नऊ नंबर खेळवले कळलं तर ते लोक कप परत मागायला येतील." मग ब्लेडने टाके उसवलेत आणि आकडा सरळ करून तिच्यापुढे ठेवलात. ती शिवताना रडत होती. "माझेच डोळे फुटले होते," एवढंच म्हणत होती. त्यानंतर तिने क्लबचं शिवण कधी हातात घेतलं नाही. पुढच्या वर्षीपासून शर्ट तुळिंजच्या टेलरकडे जायला लागले. तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. मला मात्र जाता जाता म्हणालात, "बाय, सुई जागेवर ठेव. कुणाच्या तरी पायात जाईल." तुम्ही नुसतं सुईबद्दलच बोलत होता का? पन्नास वर्षं झाली, मला अजून खात्री नाही.

त्या वर्षापासून दर नाताळला अंकलकडून वेलची केळ्यांचा घड यायचा. आपल्याच वाडीत केळी लोळत असताना! मी आईला विचारायचे, हे कशासाठी? ती म्हणायची, "आलंय तर खा, पोलीस होऊ नको." काल मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर गेले आणि मुलाला सरळच विचारलं, त्या गोलाबद्दल बाबा कधी काही बोलले का? "नाय बाय. कुणी गोलाचं नाव काढलं का बाबा उठून जायचे. आमाला वाटायचं, लाजतात." त्याच्या तोंडावर खोट नव्हती. मी खूप शोधली.

आज शर्ट खिडकीच्या उजेडात धरला. सह्या बघायची तशीच बघत होते. सहाच्या कडेने जुन्या सुईची बारीक भोकं अजून आहेत. टाके उसवले, आकडा फिरवला, तर तो त्या भोकांवर बरोब्बर बसला. तसाच शिवला. रविवारी भिंतीवर लागेल तो गोल मारलेलाच शर्ट असेल, फक्त खाली नाव दुसऱ्याचं. मी उठून खरं सांगू शकते. आधी वाटलं, सांगावंच. तुमचं ते तुम्हाला मिळावं. पण मी बोलले की पहिला प्रश्न येईल, मुळात आकडा उलटा झालाच कसा?

वर मी 'टाचला गेला' असं लिहिलंय. बँकेत अर्जात असं वाक्य दिसलं की मी लाल पेन्सिलने खूण करायचे आणि विचारायचे, कुणी केलं ते लिहा. हे पत्र मशीनच्या खणात ठेवणार आहे, तिथे कुणी हात घालत नाही, तेव्हा लिहिते. आई चुलीकडे वळली तेव्हा मीच फिरवला. नीट बघून फिरवला. मैदानाबाहेर सगळी पोरं 'नऊ नंबर, नऊ नंबर' ओरडायची, सहाला कुणी हाक मारत नव्हतं, आणि मला एकदा तुमच्यासाठी तसं ओरडायचं होतं. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं, डोळे तिचेच चुकले.