झऱ्याकडचा कोपरा

४ सप्टेंबर १९७४

पुन्हा गुडघाभर चिखल! जाळीच्या पिशव्यांत सफरचंदं भरून आयलीकाकूंच्या तळ्यात बुडवून आले. बुडालेल्या फळावर धरते ती बुरशी हवीय मला, माझी डिग्री तिच्यावर अडलीय. सफरचंदं काकूंच्याच झाडाची. "पैसे काढलेस तर बघ! कॉफी घे आधी." वेलचीचा पाव, कॉफी — आणि त्यांच्या नवऱ्याचा, रेइनोकाकांचा कप तसाच मांडलेला. गेल्या नोव्हेंबरात म्हातारा हरणाच्या शिकारीला निघाला, तो परतलाच नाही. गावाने जंगल पिंजून काढलं. काकू अजून दाराला कडी लावत नाहीत.

१८ सप्टेंबर

बाकीच्या पिशव्यांवर नुसता बुळबुळीत थर. झऱ्याकडच्या कोपऱ्यातली मात्र — बाप रे! पांढऱ्या पुळ्यांनी लगडलेली. आणि सडक्या अंड्यांचा वास! झरा स्वच्छ वाळूतून येतो. तिथे हा वास कशाला?

२३ सप्टेंबर

माणसाचा श्वास जागीच बंद पाडणारं विष बुरशीच्या बाटलीत घातलं. ही थोडी मंदावली, पण श्वास चालूच! पुढचं दार बंद झालं की मागच्या दाराने श्वास घेते बया. माझे मार्गदर्शक सर खूश. "सडक्या अंड्यांचा वास येतो तो कुजण्याचा वायूही पुढचं दार असंच बंद करतो. इतर गुदमरतात, ही माजते. तुझ्या कोपऱ्यात काहीतरी मोठं कुजतंय. हरीण पडलं असेल."

२४ सप्टेंबर

हरीणच असणार.

२ ऑक्टोबर

नवी पिशवी काढली. बुरशी आणखी दाट. कोपऱ्यात वल्हं ढोसून पाहिलं — कशात तरी अडकलं, मग सुटलं. टोकाला लाल लोकरीचे धागे.

शिकारीला इथे सगळेच लाल कोट घालतात. सगळेच! पण जंगल पिंजलं सगळ्यांनी, तळ्यात कोण बघणार? काकूंना कोणत्या तोंडाने सांगू? त्या कपाचं काय करतील त्या?

३ ऑक्टोबर

सांगायचंच, असं ठरवून गेले. तोंड उघडायच्या आत काकूंनी सफरचंदांची टोपली हातात दिली, गाल कुरवाळला.

"झऱ्याकडे नको टाकत जाऊस हं, पोरी. रेइनोला सफरचंदं कधीच आवडली नाहीत."