सातबाऱ्यावरचं नाव

वसई, मंगळवार

प्रिय हरेश्वर,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतोस आणि 'ताई, तू काळजी करू नको' म्हणून मोकळा होतोस. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे. चष्मा लावून तूच वाच. तुझ्या नर्मदेकडे देऊ नको, ती आधी शेवट वाचते.

वालीवची आमची पेनांची कंपनी गुजरातला गेली, हे तुला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मी तिथे पेनं तपासली. शंभरातलं एक उचलायचं, कागदावर गोल गोल रेघोट्या काढायच्या, शाई कुठे तुटते का बघायचं. निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना साहेबांनी बोलावलं, तीन महिन्यांचा पगार दिला आणि वर शाल-नारळ. लोकांना नारळ देतात असं आपण नुसतं म्हणतो, मला तो खरोखरच दिला. त्याच संध्याकाळी मी त्याची चटणी केली. चांगली झाली होती.

त्यानंतर चार ठिकाणी नोकरीसाठी जाऊन आले. एका ठिकाणी टेबलामागची पोरगी मला म्हणाली, 'आंटी, मुलीला आत पाठवा.' मी म्हटलं, मुलगी पुण्यात आहे, तिला नोकरी आहे, हवी आहे ती मला. बिचारी ओशाळली. नोकरी काही मिळाली नाही.

कर्जाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. फ्लॅटचं कर्ज होतंच. त्यावर तुझ्या भाऊजींच्या डायलिसिसची तीन वर्षं. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. पगार होता तोवर सगळ्यांचे हप्ते जात होते. पगार थांबला आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. एक तर रोज सकाळी नऊला करतो. मी आता त्याला आधी 'चहा झाला का' विचारते, मग तोच गडबडतो. पुण्याहून क्षितिजा पैसे पाठवते म्हणाली. तिच्याही घराचे हप्ते आहेत, मी नको म्हटलं.

शेवटी वसईच्या कोर्टाजवळ एक वकील गाठले. ते म्हणाले, नादारीचा अर्ज करा. कोर्टाने नादार ठरवलं की वसुलीवाले गप्प बसतात. तुमच्या नावावर जे असेल ते कोर्ट ताब्यात घेतं, विकतं, देणेकऱ्यांत वाटतं, आणि उरलेल्यातून तुम्ही सुटता. आपल्या निर्मळ गावात दिवाळं काढणं म्हणजे नाक कापून घेणं. मला तसं वाटलं नाही. मी जुगार खेळले नाही, कुणाला फसवलं नाही. नवऱ्याला जगवायला पैसे काढले, तो जगला नाही, यात माझी मान खाली जाण्यासारखं काय आहे? मी अर्ज करणारच होते. वकिलांनी सांगितलं, नावावर काय काय आहे त्याची यादी आणा. फ्लॅट लिहिला, बांगड्या लिहिल्या, आणि मग पेन थांबलं. तिसऱ्या ओळीत निर्मळची आपली वाडी येत होती.

आठवतं तुला? वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि काकांनी विषय काढला, की जयवंतीची सही कधी घ्यायची. आपल्याकडची रीतच आहे. बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडायचा, भावाने साडी घ्यायची, आणि मग आयुष्यभर माहेरी गेलं की निघताना पिशवीत राजेळी केळ्यांच्या फण्या. मी सही करायला तयार होते. साडीचा रंगसुद्धा मनात ठरवला होता. तू मात्र जेवता जेवता वर न बघता म्हणालास, 'ताईचं नाव आहे तिथंच राहील.' काका हसले, म्हणाले, पुढे रडशील. तू भात मागून घेतलास. त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं, तितकं माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

काका खरे ठरायची वेळ आली. मी नादार झाले असते, तर माझ्या हिश्श्यासाठी वाडीत कोर्टाचा माणूस आला असता. तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून मीच तुला फोन केला. आणि चार दिवसांनी तुझा मितेश आला.

पोरगा नीट वागला, त्याला रागावू नको. जुन्या तारखेचा स्टँपपेपर मिळवून घरगुती वाटणीचा कागद करून आणला होता. त्यात लिहिलं होतं की सहा वर्षांपूर्वीच मी माझ्या वाट्याचं सोनं घेतलं आणि वाडीवरचा हक्क सोडला. म्हणाला, सही कर, वाडी वाचेल, अर्जही होईल. मी विचारलं, हे तुझ्या बाबांना माहीत आहे का? तो म्हणाला, 'आत्या, बाबांना विचारूनच आलोय.'

हरेश्वर, वसुलीवाल्याच्या शिव्या ऐकून मी रडले नव्हते, त्या वाक्याने रडले. तुला दोष द्यायला जीभ उचलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तू घाबरलास, हे मला कळतं. आयुष्य घातलंस त्या मातीत. पण न घेतलेलं सोनं घेतलं म्हणून मी लिहून देणार नाही. शाई तुटलेली दिसली तर मी अख्खी पेटी परत पाठवायचे, साहेब कितीही ओरडले तरी. सत्तावन्नाव्या वर्षी खोट्या तारखेखाली सही करायला शिकायचं माझं वय नाही. मितेशला चहा पाजला आणि कागद त्याच्या हाती परत दिला.

आता मी काय केलं ते ऐक. नादारीचा अर्ज करत नाही. परवा फ्लॅटचा सौदा केला. घेणारं कुटुंब जोगेश्वरीचं आहे, त्यांना बाल्कनी आवडली. त्यातून फ्लॅटचं कर्ज फिटतं, बाकीच्यांशी एकरकमी तडजोड झाली, तशा चिठ्ठ्या त्यांच्याकडून लिहून घेतल्या आहेत. थोडं राहतं, ते मी दर महिन्याला फेडीन. वाडीला कुणाचा हात लागणार नाही, शांत झोप. पण मी राहणार कुठे, हे तू विचारायच्या आधी सांगते, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. रविवारी सकाळी मी सामान घेऊन वाडीत राहायला येते आहे. विहिरीजवळची खोली रिकामी करून ठेव. तिथल्या दहा गुंठ्यांत मी मोगरा लावीन, फुलं स्वतः बाजारात नेईन. बहीण वाटा मागायला आली म्हणून गाव बोलेल, बोलू दे. नर्मदेला सांग, पाहुणचार नको, माझी चूल मी मांडीन, आणि निघताना पिशवी भरायची नाही, कारण मी निघणार नाही. तुला नको असेल तर दारात उभं राहून तोंडावर सांग, मितेशला पाठवू नको. तरीही मी आत येईन. माझं नाव तिथे तू राखलं होतंस, आता ते पुसायचा हक्क तुलाही नाही.

तुझीच,
जयवंतीताई