चावलेल्या पानाचा निरोप

प्रिय आई,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. पहिल्याच दिवशी मात्र फजिती झाली. काचघरातल्या टोमॅटोवर अळ्या दिसल्या आणि तू लावलेल्या सवयीने मी सगळ्या वेचून टाकल्या. प्रयोगशाळेच्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनीच त्या मुद्दाम सोडल्या होत्या!

आता गंमत ऐक. अळीने पान कुरतडलं, की त्या जखमेतून प्रथिनाचा बारीकसा तुकडा सुटतो. तिथून निरोप निघतो, तो वरच्या कोवळ्या पानांपर्यंत पोचतो. मग ती अळीला पचेनाशी होतात.

तू महिन्यापूर्वी जिन्यात पडलीस, हे काल दादाच्या तोंडून निसटलं. गुडघा कसा आहे?

एवढंसं पानही कळवतं गं, आई.

तुझीच,
धाकटी