एकाच पायातला चाळ

अण्णा, चाळ एकच असतो, दुसरा नसतोच, असं परवा मला एका रिक्षावाल्यानं सांगितलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्हाला विचारावं असं काही माझ्याकडे उरलंय, असं मला वाटत नव्हतं.

नातीसाठी नाचाचा क्लास निवडायचं काम माझ्याकडे आलं. ती साडेचार वर्षांची आहे. पाण्याची मोटर सुरू झाली तर तिच्या घरघरीवरसुद्धा नाचते. तिचे आईबाप दोघंही कंपनीत शिफ्टला. मुलगी म्हणाली, "आई, तूच बघ. तुला एका नजरेत कळतं." रोह्यात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, वर्गात डोकावलं की शिक्षक कसा आहे ते मला कळतं, हे खरं. मी दोन क्लास ठरवले आणि दोन्हीकडे तिला एकेक दिवस बसवून बघायचं ठरवलं. निघताना तिनं माझ्या ट्रंकेतून तुमचा घुंगरांचा चाळ शोधून काढला आणि घालूनच येणार म्हणून हटून बसली.

पहिला क्लास इथे वरसे गावातच, मेडिकलच्या दुकानाच्या वर. शिकवणारी पोरगी विशीतली, मुलं वीसेक, स्पीकर नातीपेक्षा उंच. फरशी निसरडी नाही, संडास स्वच्छ, दाराची कडी लहान हाताला लागणार नाही इतकी वर. हे सगळं मी पाहून घेतलं. पोरगी म्हणाली, "आजी, हे काढा ना प्लीज, म्युझिकमध्ये गोंधळ होतो." नातीनं मुकाट्यानं चाळ काढून माझ्या हातात दिला आणि तासभर उड्या मारल्या. दुसरा क्लास रोह्यात, भरतनाट्यमचा. बाई माझ्याच वयाच्या, मुली सहा, आवाज फक्त त्यांच्या हातातल्या काठीचा. शिकवणं चोख. त्या म्हणाल्या, "घुंगरू इतक्यात नाही, आधी पाय तयार होऊ देत. तोवर आजी, तुम्ही दुसरा शोधून ठेवा." मी म्हटलं, "दुसरा माझ्या वडिलांनी हरवला." किती सहज म्हटलं! पन्नास वर्षं म्हणतेच आहे.

परतताना भेटलेला रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी निघाला. नात रडकुंडीला आलेली, "आजी, दुसरा कुठाय?" एवढंच चाललं होतं. त्यानं आरशातून पाहिलं. "बाई, दुसरा कशाला? ह्यो तं आमच्या गौरीच्या नाचातला चाळ. एकच आसतो, उजव्या पायात."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. एक हरवलाय."

"नाय बाई. डाव्यावर उभं ऱ्हायाचं न् उजव्यानं ठोका द्यायचा. दोन्ही वाजाया लागले तं चुकला कोन ते कलनार कसं? मी हाय ना मंडळात, दरसाल नाचतो." मग हसायला लागला. "नकाशात नदी डोंगरावर चढवली म्हनून तुम्ही मला बाकावर उभा केलावतात. आता तुम्ही ऱ्हावा उभ्या."

मला हसू आलं नाही. मला माळा आठवला.

मी सहावीत आहे. जोह्याहून एसटीनं पेणला शाळेत जाते. उद्या संमेलन, त्यात आमचा नाच. तुम्ही हमरापूरच्या कारखान्यातून येता, नखांत गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा चाळ माझ्यापुढे धरता. "घाल उद्या." मी उलगडते. "एकच? दुसरा?" तुम्ही चुलीकडे बघता. तिथे आई भाकऱ्या थापते आहे. तिचं माहेर मास्तरांचं. लग्नाआधी तुम्ही गौरीत नाचायचात हे तिच्यासमोर कुणी काढत नसे. मलाही ते कळलं तुमच्या दहाव्याला आलेल्या गावकऱ्यांकडून. मी पाय आपटते. बाकीच्या मुलींचे दोन्ही पाय वाजणार, माझा एकच? "तुम्ही सगळंच हरवता. छत्री हरवलीत, रेशनकार्ड हरवलंत." आई म्हणते, "बोलेल नाय तर काय करंल?" तेव्हा तुम्ही शिडी लावता आणि माळ्यावर चढता. वर डबे सरकतात, गोणी ओढल्या जातात. बऱ्याच वेळानं उतरता, केसांत जळमटं. म्हणता, "नाय सापडत गो."

दुसऱ्या दिवशी मी एकच घालून गेले. मुली हसल्या, बाईंनी पडद्याआड काढायला लावला. घरी येऊन मी तो तुमच्या पुढ्यात टाकला आणि म्हटलं, "अर्धवट वस्तू कुणाला देत जाऊ नका." तुम्ही उचलून पंच्यानं पुसलात आणि "बरं" म्हणालात. त्यानंतर मी नाचले नाही.

अण्णा, दुसरा नव्हताच, तर माळ्यावर शोधत काय होतात? आईला भ्यालात म्हणावं, तर चाळ तिच्यादेखतच बाहेर काढला होतात. मला भ्यालात? अकरा वर्षांच्या मुलीला? की मी चुकले हे संमेलनाच्या आदल्या दिवशी मला सांगायचं नव्हतं? "एकच असतो" एवढे दोन शब्द. मी कितीही मांडणी केली तरी उत्तर जुळत नाही. उत्तर न जुळण्याची मला सवय नाही.

काल वरसेच्या क्लासमध्ये जाऊन मी त्या पोरीला माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, "हा एकच असतो. ही घालून येईल, काढायचा नाही." ती दचकली. मग म्हणाली, "असं असतं का? मग शेवटची पाच मिनिटं मी म्युझिक बंद करते, आजी. सगळ्यांना ऐकू देत." तिथेच मी फॉर्म भरला. रोह्याच्या बाई शिकवण्यात कितीतरी सरस आहेत, हे मला दिसतंय. ज्याला कमी येतं असा शिक्षक मी जाणूनबुजून निवडला, असं आजवर झालेलं नाही. बरोबर केलं का, माहीत नाही. नात नाचायची थांबू नये, एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी तिला समोर बसवून समजावलं. उजवा पाय, डावा पाय, चूक कशी कळते, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दुसरा कुठाय? शोध ना गं." माझा पदर सोडेना. आणि मी, जिनं मुलांना कधी खोटं सांगितलं नाही, स्टूल ओढलं, गुडघा धरत चढले, कपाटावरची खोकी सरकवली, आणि जुन्या चादरींत हात घालून थोडा वेळ तशीच उभी राहिले. ती खालून बघत होती. उतरले आणि म्हटलं, "नाही सापडत गो." तिचं समाधान झालं. मी असं का केलं, ते मलाही सांगता येत नाही.

काल दिलं ते असं. क्लासला: भरलेला फॉर्म, दोन फोटो, जन्मदाखल्याची झेरॉक्स. नातीला: चाळ एक, उजव्या पायातला, पूर्ण, दोरी नवी घातलेली. हे पत्र कुणालाच नाही.