पाचदा विकलेला कोंबडा

इंदापूर, रविवार

सुवार्ते,

प्रिय पत्नी, प्रभूच्या नावानं तुला अन् आईला सलाम. मी बरा हाय, गुडघ्याचं विचारू नको.

मेळघाटच्या सेवेला जायला पैसे हवेत, म्हणून आठ दिवसांत पाच चर्चच्या मंडळ्यांपुढं हात जोडले. प्रार्थनेला सगळे तयार, पैशाचं म्हटलं की, "बघू, पाळकसाहेब."

आज हितल्या चर्चात कापणीचा सण झाला, दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. छबूबाई नावाच्या म्हातारीनं आमच्या प्रवासासाठी कोंबडा दिला. लिलावात जो घेई, तो परत लिलावालाच देई. असा पाचदा विकला, तेव्हा गाडीभाडं जमलं. शेवटच्यानं तो छबूबाईंनाच देऊन टाकला.

आईचा खोकला थांबला का? खरं सांग.

कोंबडा संध्याकाळी आपल्या खुराड्यात गेला बघ. मला अजून बारामतीच्या मंडळीपुढं उभं राहायचंय. प्रवासासाठी सगळे प्रार्थना करतायत. तू मात्र, मी घरी यावं म्हणून कर.

तुझा,
शांतवन