आधी दाखवायचं, मग पुसायचं

सोमवार, ६ जानेवारी

दार वाजवून मी चक्क 'हाउसकीपिंग' म्हणाले! खारघरच्या हॉस्पिटलात, पहिल्याच दिवशी! आतले पेशंट दचकले, सिस्टर अंकिता तोंडावर हात ठेवून हसली. एकोणीस वर्षं हॉटेलात तेच म्हटलंय, जीभ एका दिवसात कशी ऐकेल?

हसण्यावारी गेलं, पण दिवसभर धाकधूक होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवा गणवेश. हॉटेलात माझ्या हाताखाली चौदा मुली होत्या, अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या माझ्याकडे. मालक बदलले, साफसफाई कंत्राटावर गेली आणि आम्हाला केक कापून घरी पाठवलं. मग हा सहा महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स — वर्गात सगळ्या माझ्या नोमच्या वयाच्या. नोम म्हणतो, आई, काम तेच आहे गं, चादरी बदलायच्या. तेच कसं? तिथे चादरीवर माणूस नसायचा.

आज एका आजींना कुशीवर वळवताना सलाइनची नळी ताणली गेली. काही झालं नाही. पण झालं असतं तर? तीन महिने चाचणीचे आहेत, एक मोठी चूक की संपलं. नोमचे बाबा गेल्यापासून या घरात पगार एकच येतो.

मंगळवार, ७ जानेवारी

वॉर्डाच्या इनचार्ज भाविका मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते. आज आम्हा नव्या बायकांना ओळीत उभं करून एकच गोष्ट तीनदा सांगितली — पेशंटच्या अंगातून जे बाहेर येईल ते आधी सिस्टरला दाखवायचं, मग पुसायचं. उलटी, लघवी, शी, काहीही. रंग काय, किती, सगळं लिहायचं.

मी मान डोलावली. पण मी तर माझ्या मुलींना नेमकं उलटं शिकवत आले! गेस्टने वळून बघायच्या आत डाग गेला पाहिजे. लग्नाच्या पार्टीनंतर कुणी गालिच्यावर ओकलं, तर सात मिनिटांत खोली अशी व्हायची की तिथे काही घडलंच नव्हतं. त्याबद्दल बक्षीस मिळालंय मला. ऑफिसच्या भिंतीवर फोटो होता.

सात नंबरवर तुळशीराम आजोबा आलेत, जासईचे. अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, रविवारी ऑपरेशन झालं. बायको हौसाआजी खुर्चीवरून हलत नाहीत. "आट दिस घरानच निजला व्हता, बाय. मेडिकलच्या गोल्या खायाचा न् म्हनायचा, जाईल दुखना." मी म्हटलं, आता होतील बरे. हॉटेलातलं हसू चेहऱ्यावर आणून म्हटलं. मला काय माहीत बरे होतील की नाही!

बुधवार, ८ जानेवारी

विशेष काही नाही. दोन आंघोळी, पाच चादरी. सात नंबरची तर चार मिनिटांत बदलली, कुणाला पत्ताही लागला नाही. पाय दुखतायत.

गुरुवार, ९ जानेवारी

दुपारी आजोबा फार कण्हत होते. अंकिताने दुखण्याचं इंजेक्शन दिलं, मग शांत झोपले. पोर सव्वीस वर्षांची, पण हात जराही हलत नाही. मी तर सुई दिसली की नजर फिरवते. तिच्या ते लक्षात आलं असावं. जेवताना अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकून म्हणाली, एलीताई, इतक्या घाबरता कशाला, मी आहे ना.

शुक्रवार, १० जानेवारी

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी तीनला हौसाआजींनी हळूच हाक मारली, आजोबांनी अंथरुणात केली होती. मी पडदा ओढला आणि हात आपोआप चालू लागले. पुसलं, धुतलं, पावडर लावली, नवी चादर घातली, जुनी पिशवीत बांधून लाँड्रीला रवाना. आजोबा लाजून भिंतीकडे बघत होते. त्यांना म्हटलं, काही झालंच नाही, आजोबा. तक्त्यावर लिहिलं, 'शी — एकदा'. चारला ड्यूटी संपली, निघाले. स्वतःवर खूश होते मी!

कामोठ्याला रस्त्यावर डांबर टाकत होते, रिक्षा तिथेच अडकली. ते काळंभोर, चिकट डांबर बघितलं आणि एकदम आठवलं. कोर्सच्या बाईंनी सांगितलं होतं, डांबरासारखी काळी शी म्हणजे पोटात रक्त जातंय. आजोबांची तशीच होती. मी बघितली आणि पुसून टाकली.

घरी आले. मनुका सकाळीच भिजत घातल्या होत्या, त्यांचं सरबत गाळलं, शब्बाथचे दिवे लावले; आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो. नोम प्रार्थना म्हणत होता आणि माझी नजर फोनवर. सांगितलं तर नोकरी जाणार. नाही सांगितलं तर म्हातारा जाणार! मग वाटलं, लोहाच्या गोळीनेसुद्धा काळी होते, बाई तेही म्हणाल्या होत्या. पण आजोबांना ती गोळी चालू आहे का, हे मला माहीत नव्हतं. सरबत न पिताच पेला खाली ठेवला.

नोमने विचारलं, "आई, कुणी गेलं का?"

तेव्हा कुठे फोन लावला. अंकिता डबल ड्यूटीवर होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजच पहिल्यांदा?" मी हो म्हटलं. "बरं झालं सांगितलंत, ताई," म्हणाली आणि धावली असणार, कारण फोन ठेवायचाही विसरली. मला कितीतरी वेळ वॉर्डातली धावपळ ऐकू येत होती.

शनिवार, ११ जानेवारी

हॉटेलात एकोणीस वर्षांत एक शनिवार सुट्टी मिळाली नाही. इथे मुद्दाम मागून घेतली होती. शब्बाथला वाहनात बसायचं नसतं, तरी आज सकाळीच रिक्षा करून हॉस्पिटलात गेले.

आजोबा आयसीयूत. पोटात जखम निघाली, रक्त चढवतायत. हौसाआजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. माझा हात धरला आणि सोडेनात. त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी धावत आले. मी माझ्या भीतीपायी आले होते.

आमच्या एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलले. म्हातारा घरी जाऊ दे.

सोमवार, १३ जानेवारी

भाविका मॅडमनी बोलावलं. सकाळी गणवेश घडी करून पिशवीत टाकूनच गेले होते, परत द्यायला.

बोलणी खाल्ली. पण मग म्हणाल्या, चूक झाल्यावर त्याच संध्याकाळी स्वतः फोन करणारी बाई मी फार कमी बघितली. मला काढणार नाहीत! न विचारताच खुर्चीवर बसले.

तिथेच दुसरी गोष्ट कळली. शुक्रवारी पहिल्यांदा काळी झाली, म्हणजे गुरुवारच्या इंजेक्शनने पोट बिघडलं, असा संशय आहे. अंकिताने डोस जास्त दिला का, याची चौकशी लागलीय. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलंय. मॅडमनी कागद पुढे ठेवून विचारलं, "शुक्रवारच्या आधी तुम्हाला काही दिसलं होतं?"

नाही म्हटलं. सही केली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आजोबा वॉर्डात परत आले, पेज प्यायले. हौसाआजींनी गावाहून तिळाचे लाडू मागवले होते, पहिला माझ्या हातावर ठेवला. "बाय, तू नसतीस त आमी कपाल बडवीत घरा गेलो असतो." सगळे ऐकत होते. मी लाडू खाल्ला आणि लगेच पुढच्या बेडची चादर बदलायला गेले.

नोटीस बोर्डावर माझं नाव लावलंय. प्रामाणिकपणाबद्दल! पुन्हा एकदा भिंतीवर.

घरी पोचते तोच अंकिताचा फोन. रडत होती. "ताई, डॉक्टरांनी लिहिलं होतं तेवढंच दिलं हो मी." मला माहीत आहे, म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत असणार? मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता.

बुधवार, १५ जानेवारी, सकाळी सात

आठ तारखेचं पान काढून वाचलं. 'विशेष काही नाही.'

खोटं. त्या दिवशीही काळीच होती. अंकिताच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी. मला दिसली होती, विचित्रही वाटली होती, तरी चार मिनिटांत पुसली. आणि या वहीतूनही पुसली.

नोकरी जाईल. नोमला अजून सांगितलेलं नाही. गणवेश पुन्हा पिशवीत घातलाय, त्यावर ही वही ठेवणार आहे. भाविका मॅडम आठला येतात.