यमाला जागा उरली नाही

बाबा, तुम्ही काढलेला यमाचा रेडा, आपला हल्या, काल मी पुन्हा काढला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कायले?" म्हणून सुरुवातीपासून सांगते. पुण्याची एक मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. टॅरोचे पत्ते मांडून लोकांना त्यांचं पुढचं सांगते. आपला पोपटवाला सांगायचा तसंच, फक्त पोपट नाही आणि बसायला खुर्ची मिळते. तिला आपल्याकडच्या चित्रांचा नवा जोड हवा आहे आणि तो काढायला तिनं मला धरलंय. सगळे पत्ते झाले. मृत्यूचा तेवढा होत नव्हता.

कामाआधी तिनं मला जुने जोड दाखवले. इटलीतल्या सरदारांसाठी सोन्याच्या वर्खावर काढलेले होते, देवघरातल्या तसबिरीसारखे. लाकडी ठशांनी छापलेले होते, जाड काळी रेघ आणि मोजके भडक रंग, ते पाहून मला तुम्ही रंगवलेल्या बिडीच्या पाट्याच आठवल्या. पण मी अडकले ती शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी जोडापाशी. तो काढला एका बाईनं आणि ओळखला जातो दुसऱ्यांच्या नावानं. बाईची सही तेवढी कोपऱ्यात, शोधली तर सापडते. ती नाटकवाल्यांत वावरलेली, नेपथ्याची चित्रं काढलेली. म्हणून तिच्या पत्त्यांत माणसं रंगमंचावर उभी असतात आणि मागचं आभाळ पडद्यासारखं टांगलेलं दिसतं. मी म्हटलं, "अगं, हे तर माझ्या बाबांचं काम!" पोरीला वाटलं, म्हातारी चळली.

तिला काय माहीत. साकोलीच्या रस्त्यावर तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की तिथल्या नाटकांचे पडदे. खडूनं आखून घेणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. पहिलं अक्षर ऐसपैस, शेवटचं कोपऱ्यात कोंबलेलं. अर्ध्या साकोलीच्या 'भंडार'मधला 'र' भिंतीला चिकटून उभा असायचा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी सातवीत होते. त्या वर्षी आईचं बाळ पोटातच गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ती घरी आली ती चुलीजवळ पडून राहिली. बोलणं नाही, जेवणं नाही. तुम्ही भात शिजवायचात, तो खाली लागायचा, आणि ताट तिच्यासमोर तसंच गार व्हायचं. आई पण जाणार, असं मला वाटायचं. तुम्हालाही तेच वाटत असणार.

अशात पोपटवाला आला. त्याचे पत्ते पावसात भिजून फुगले होते, नवा जोड हवा होता. कापडदुकानातले पुठ्ठे कापून तुम्ही लक्ष्मी, गणपती, मारुती काढलेत. पाटीचा पिवळा रंग उरला होता म्हणून सगळे देव पिवळ्या वस्त्रांत. त्यानं यम मागितला तसे तुम्ही उखडलात. "माह्या घरात यम नाई काढत मी. बाकीचे ने अन् जाय."

तो हलला नाही. म्हणाला, "साब, यम तो होनाच. सबको लक्ष्मीच निकली तो कौन भरोसा करता?"

शेवटी एकोडीच्या मंडईच्या आदल्या दिवशी तुम्ही ब्रश उचललात, तोंड फिरवून काढावं तसं काढलंत. आणि नेहमीचंच झालं. आधी यमाचा हल्या काढायला घेतला, तो इतका ऐसपैस झाला की यमाला जागाच उरली नाही. वर दोन पाय आणि गदेचं टोक, पुढे पुठ्ठा संपला. पोपटवाला कपाळावर हात मारत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला बळंच मंडईत नेलंत. अजून डोळ्यांसमोर आहे. ती पोपटवाल्यासमोर टेकते. तुम्ही म्हणता, "उठ, चाल घरी," पण तो पिंजऱ्याचं दार उघडून मोकळा झालेला असतो. पोपट दोन पत्ते बाजूला सारतो आणि तिसरा ओढतो. यम. तुम्ही पत्ता हिसकायला हात पुढे करता. आई तो आधीच उचलते, डोळ्यांजवळ नेते.

"अवो," ती म्हणते, "हा त शेजारचा मोडक्या शिंगाचा हल्या होय! आपल्या धानाच्या बांधीत शिरते, तोच. कितीक डाव हाकललं मी याले." मग पत्ता उलटा करून पाहते. "अन् यमराज कोठं गेले? शेताच्या धुऱ्यावर बसले का?"

आणि हसते. इतक्या दिवसांनी, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग म्हणते, "मले भूक लागली." तुम्ही भजी आणायला धावलात ते चपला तिथंच सोडून. आई त्यानंतर खूप वर्षं जगली, हे तुम्हाला मी काय सांगू. तुम्हीच तिच्याआधी गेलात.

पुण्याची मुलगी म्हणते, मृत्यूचा पत्ता म्हणजे मरण नाही, एक संपून दुसरं सुरू होणं. मी तिला जुन्या जोडांतल्यासारखे घोड्यावरचे सांगाडे काढून दाखवत होते आणि ते सगळे खोटे दिसत होते. काल मी न आखता हल्याच काढला, मोडक्या शिंगाचा, चिखलात पाय रोवलेला. वर दोन पाय, गदेचं टोक. कोपऱ्यात सही तुमची केली, शेवटचं अक्षर तुमच्यासारखंच कोंबून. तिला आवडेल की नाही, देव जाणे. नाही आवडला तरी मी बदलणार नाही.

हे पत्र तुम्हाला पाठवणार कुठे? पुठ्ठ्यांच्या खोक्यात ठेवून देते. एक मात्र सांगायचं राहिलं. माझा या पत्त्यांवर काडीचा विश्वास नाही. तरी काल सगळे पालथे घालून स्वतःसाठी एक ओढला. हल्या निघाला नाही. मग मी पत्ते सुलटे केले आणि शोधून तोच घेतला.